सेल्फ फिरतो, इंजिन फिरत नाही : स्टार्टर क्लचच्या दुरुस्तीचे सव्वीस दिवस

२०२२ साली माझ्या उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून मला मोटरसायकलला किक मारण्याची मनाई आहे. माझी शाळा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून जांबोटीच्या रस्त्याने बारा किलोमीटरवर, मुख्य रस्ता सोडून थोडी आत आहे. तिकडे जाणाऱ्या बसच्या वेळा शाळेच्या वेळांशी जुळत नाहीत. २०१३ साली घेतलेली, केए २२ पासिंगची, एका सिलिंडरची माझी गाडी त्यामुळे सेल्फच्या बटणावर चालू झाली तरच माझ्या उपयोगाची. २०२४ च्या जूनमध्ये तो सेल्फ बंद पडला आणि पुन्हा पूर्वीसारखा होईपर्यंत सव्वीस दिवस गेले. या काळात मला जी माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळाली ती एका जागी, घडली त्या क्रमाने लिहून ठेवावी, म्हणजे याच टप्प्यावर अडकलेल्या दुसऱ्या कोणाला कमी चाचपडावे लागेल, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

बिघाडाची पहिली खूण फेब्रुवारीच्या अखेरीस दिसली होती, हे मला नंतर आठवले. सकाळी पहिल्यांदा बटण दाबले की कधी कधी मोटर नुसतीच घुर्र आवाज करीत मोकळी फिरायची आणि बटण सोडून पुन्हा दाबले की गाडी सुरू व्हायची. मार्चमध्ये दोन वेळा गाडी सुरू होता होता इंजिनाच्या डाव्या बाजूने कडाक् असा लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज आला आणि इंजिन जागच्या जागी थांबले. मी तेव्हा तिकडे लक्ष दिले नाही, कारण पुढच्या प्रयत्नाला गाडी सुरू झाली होती. हे दोन आवाज वेगवेगळे आहेत आणि त्यांतला दुसरा हा पहिल्याचे कारण आहे, हे मला जूनच्या शेवटी कळले. ज्यांना असा कडाक् आवाज ऐकू येत असेल त्यांनी तारीख लिहून ठेवावी आणि त्याच आठवड्यात बॅटरी तपासून घ्यावी.

मंगळवार, ११ जून २०२४. पहाटेपासून पाऊस होता. साडेआठला बटण दाबले, मोटर फिरल्याचा आवाज आला, इंजिन मात्र हलले नाही. सात-आठ प्रयत्न केले, तोच प्रकार. शेजारच्या मुलाला हाक मारली. त्याने पहिल्याच किकला गाडी सुरू करून दिली. त्या वेळी मला फक्त उशीर टळल्याचे समाधान वाटले, पण खरे तर त्या एका किकने निम्मे निदान करून टाकले होते. किकला लगेच सुरू होणाऱ्या इंजिनात पेट्रोल, ठिणगी आणि कॉम्प्रेशन ठीक असते. बिघाड शोधायचा तो बटणापासून क्रँकशाफ्टपर्यंतच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यापर्यंतच्या वाटेवर. त्या वाटेवरही आवाज पुष्कळ सांगून जातो. बटण दाबल्यावर काहीच आवाज नसेल तर फ्यूज, बटण किंवा क्लचच्या मुठीजवळचा स्विच पाहावा. नुसता टक् आवाज आला तर बॅटरी किंवा रिले, म्हणजे मोटरकडे वीज सोडणारा स्विच. आणि मोटर मजेत फिरते आहे पण इंजिन स्तब्ध आहे, असे असेल तर मोटरच्या पुढचे गिअर किंवा स्टार्टर क्लच. गिअरचे दात मोडले असतील तर बहुधा खरखर आवाज येतो. माझ्याकडे खरखर नव्हती.

हा स्टार्टर क्लच, ज्याला आमच्याकडचे मेस्त्री ‘वन-वे’ म्हणतात, तो नेमके काय करतो हे समजल्यावर माझी अर्धी भीती गेली, म्हणून ते इथे सांगतो. सेल्फची मोटर क्रँकशाफ्टला कायमची जोडलेली नसते. मोटरच्या टोकाचा लहान गिअर मधल्या गिअरला फिरवतो, मधला गिअर क्रँकशाफ्टवर सैल बसलेल्या मोठ्या स्टार्टर गिअरला फिरवतो, आणि या मोठ्या गिअरची कॉलर, म्हणजे बाहेर आलेला गुळगुळीत गोल भाग, मॅग्नेटच्या (क्रँकशाफ्टच्या टोकावरच्या चुंबकाच्या चाकाच्या) मागच्या बाजूला बसवलेल्या वन-वे क्लचच्या आत शिरलेली असते. क्लचच्या बॉडीत तीन खाचा असतात व प्रत्येक खाचेत एक रोलर, त्याच्या मागे एक बारीक स्प्रिंग आणि टोपी असते. खाच एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद केलेली असते. मोटर गिअरला फिरवू लागली की रोलर अरुंद टोकाकडे सरकून कॉलर आणि बॉडी यांच्यामध्ये पाचरीसारखे घट्ट बसतात आणि इंजिन फिरते. इंजिन स्वतःच्या बळावर सुरू होऊन मॅग्नेट गिअरपेक्षा वेगाने फिरू लागला की तेच रोलर रुंद टोकाकडे सरकून मोकळे होतात आणि मोटरचा संबंध सुटतो. काही गाड्यांत रोलरांऐवजी स्प्रॅग नावाच्या तिरप्या बसवलेल्या लहान तुकड्यांची कडी असते, पण तत्त्व तेच. रोलर झिजला, स्प्रिंग मोडली किंवा कॉलरला चर पडले की पाचर बसत नाही आणि मोटर मोकळी फिरते.

शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून १५ जूनला दुपारी गाडी बेळगावच्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे आधी फोन करून वेळ घ्यावी लागते. मी गुरुवारी फोन केला होता म्हणून शनिवारची दुपार मिळाली. जॉब कार्ड तयार झाले, त्यावर मीटरचे आकडे, पेट्रोलची पातळी आणि तक्रार लिहिली गेली. तक्रारीच्या रकान्यात ‘सेल्फ चालत नाही’ एवढेच लिहिले होते. मी विनंती करून ‘मोटर फिरते, इंजिन फिरत नाही, किकने लगेच सुरू होते’ असे लिहून घेतले. हे प्रत्येकाने करावे, कारण पुढे गाडी उघडणारा माणूस आपल्याशी बोललेला नसतो, त्याच्या हाती फक्त तो कागद असतो. पाऊण तासाने मला अंदाजपत्रक दाखवण्यात आले : नवी सेल्फ मोटर, मॅग्नेटसह पूर्ण क्लच असेंब्ली, बॅटरी, ऑइल आणि मजुरी मिळून ९,४०० रुपये. गाडी उघडलेली नव्हती, मोटर सोडवून पाहिलेली नव्हती. फिरणारी मोटर का बदलायची, असे मी विचारले तेव्हा ‘सगळे एकदम केले तर पुन्हा त्रास नको’ असे उत्तर मिळाले. मी काम न करता गाडी परत घेतली. तपासणीचे २०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे २३६ रुपये भरले, पावती घेतली आणि जॉब कार्डाची प्रतही मागून घेतली. येताना मन खिन्न होते, कारण एवढा खर्च त्या महिन्यात मला पेलणारा नव्हता आणि दुसरी वाट मला ठाऊक नव्हती. परतताना गाडी सुरू करून दिली ती तिथल्याच एका कामगाराने.

रविवारी १६ जूनला मी ३५० रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर आणला. शाळेत मुलांना विजेचा धडा शिकवताना तो नाही तरी लागणारच होता. गाडी रात्रभर उभी होती. बॅटरीच्या टोकांवर १२.३ व्होल्ट दिसले. चांगली आणि पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ ते १२.८ दाखवते. मग मीटरचे टोक तसेच धरून ठेवायला पत्नीला सांगितले आणि बटण दहा वेळा, मध्ये पुरेशी विश्रांती देऊन, दाबले. सात वेळा मोटर मोकळी फिरली आणि तीन वेळा क्लचने पकड घेतली. मोटर मोकळी फिरली तेव्हा व्होल्टेज ११.४ च्या आसपास राहिले, कारण तिच्यावर इंजिनाचा भारच नव्हता. पकड बसली तेव्हा मात्र ते ८.७ पर्यंत कोसळले आणि इंजिन जड, दमल्यासारखे फिरले. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाणारी बॅटरी दुबळी समजावी, हा सर्वसाधारण ठोकताळा आहे. शेवटी गाडी सुरू झाल्यावर रेस वाढवून पाहिले तर १४.१ व्होल्ट आले, म्हणजे चार्जिंगची व्यवस्था ठीक होती. बॅटरीच्या अंगावरचा शिक्का पाहिला : २०१८. सहा वर्षे झाली होती.

म्हणजे माझ्याकडे एक नव्हे, दोन बिघाड होते. हे मी वहीत लिहिले, पण त्या दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे हे मला अजून दिसले नव्हते. तो दाखवला आमच्या खानापुरातल्या मेस्त्रींनी. त्यांचे दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, आत दोन गाड्या मावतील एवढी जागा. मी वही पुढे केली, ती त्यांनी शांतपणे वाचली आणि पहिला प्रश्न विचारला तो क्लचचा नव्हता. “गुरुजी, बॅटरी कधी बदललासा? आणि मधी कधी कडाक् करून उलटा झटका दिला व्हता का गाडीनं?” मार्चमधले दोन आवाज मला त्या क्षणी आठवले. त्यांनी समजावले ते असे. ठिणगी पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या किंचित आधी पडते. इंजिन जोरात फिरत असले तर पिस्टन त्या वेगात टोक ओलांडून जातो. पण दुबळ्या बॅटरीने इंजिन रेंगाळत फिरत असेल तर पेटलेला वायू पिस्टनला टोक ओलांडण्याआधीच मागे ढकलतो. क्रँकशाफ्ट उलट फिरू पाहतो, त्याच वेळी मोटर त्याला सरळ ढकलत असते, आणि दोघांमध्ये पाचरीसारखे अडकलेले रोलर तो सगळा घाव सोसतात. म्हणजे माझा क्लच नुसता वयाने झिजला नव्हता. बॅटरीचे पैसे वाचवत राहिल्याने तो मोडला होता, आणि जुन्याच बॅटरीवर नवा क्लच घातला असता तर तोही याच वाटेने गेला असता.

ऑइलची शंकाही त्यांनी तपासली. अशा गाडीत तेच ऑइल गिअरचा ओला क्लच आणि हा वन-वे दोन्ही भिजवते, त्यामुळे मोटारगाडीचे घर्षण कमी करणारे ऑइल किंवा वरून ओतायची औषधे घातली तर पकड सुटू शकते. माझ्या डब्यावर जासो एमए टू, म्हणजे ओल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीच्या ऑइलची खूण, असे लिहिलेले होते आणि मी वरून काही घातले नव्हते, म्हणून तो मुद्दा तिथेच संपला.

गाडी सोडायला २२ जूनचा शनिवार ठरला. तोपर्यंत मी सकाळी शेजारच्या मुलाची आणि परतताना सहकारी शिक्षकांची मदत घेत होतो. शाळेजवळ उतार आहे, तिथे गाडी लावून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडूनही ती सुरू व्हायची, पण चिखलात मागचे चाक घसरते म्हणून तो उपाय पावसात करू नये.

मेस्त्रींनी आधी बॅटरीची उणे बाजूची तार सोडली आणि मग मोटरचे दोन बोल्ट काढून मोटर बाहेर घेतली. जमिनीवर पायाने घट्ट दाबून धरून तिला बॅटरीच्या तारा थेट जोडल्या. ती एक झटका देऊन झकास फिरली. म्हणजे मोटर चांगली. ९,४०० च्या अंदाजातला सर्वांत महाग भाग त्या दोन मिनिटांत वगळला गेला. मग मोटरच्या रिकाम्या भोकातून बोट घालून त्यांनी मधला गिअर फिरवून पाहिला व मलाही फिरवायला सांगितले. चांगल्या गाडीत तो एका दिशेने सहज फिरतो आणि दुसऱ्या दिशेने अडून क्रँकशाफ्टला सोबत ओढू लागतो. माझ्या गाडीत तो दोन्ही दिशांना जवळजवळ सारखाच मोकळा फिरत होता. ही परीक्षा इंजिनाचे कव्हर न उघडता होते, त्यासाठी ऑइल काढावे लागत नाही आणि खर्च काहीच नाही. निदान एवढे झाल्याशिवाय कोणीही मोठ्या अंदाजपत्रकावर सही करू नये, असे मला मनापासून वाटते.

त्यानंतर खरे काम सुरू झाले. गाडी साइड स्टँडवर डावीकडे झुकते, म्हणून ती मुख्य स्टँडवर घेतली, इंजिन थोडे गरम करून ऑइल काढले. डाव्या कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. मेस्त्रींच्या हाताखालच्या मुलाने एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवला. मी मध्येच हात पुढे केला तेव्हा तो कन्नडमध्ये “स्वल्प तडीरी, सर” (जरा थांबा, सर) म्हणाला आणि ते बरोबरच होते, कारण कव्हरच्या आत वीज तयार करणाऱ्या तारांच्या कॉइल बसवलेल्या असतात आणि मॅग्नेट त्यांना जोराने ओढून धरतो. कव्हर सुटताना किंवा बसताना बोट सापडले तर चांगलेच चेंगरते. कव्हर निघताना मधल्या गिअरचा दांडा आणि त्यावरची वॉशर खाली पडू शकते, ती कोणत्या बाजूला होती याचा फोटो आधीच काढून ठेवावा. आम्ही प्रत्येक पायरीला एक असे एकोणीस फोटो काढले आणि जोडताना त्यांतले पाच तरी उपयोगी पडले.

मॅग्नेट क्रँकशाफ्टच्या निमुळत्या टोकावर बसलेला असतो. मधला बोल्ट निघाला तरी तो हाताने सुटत नाही, त्याला त्याच मापाच्या आट्यांचा पुलर, म्हणजे ओढून काढण्याचे हत्यार, लागतो. पुलर नाही म्हणून हातोडीने ठोकणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने मॅग्नेटला तडे जातात किंवा क्रँकशाफ्टच्या आट्या बिघडतात. मेस्त्रींकडे पुलर होता, तरी तो सुटायला वीस मिनिटे लागली. टक् आवाज करून मॅग्नेट मोकळा झाला, त्याला दांड्यावर नेमक्या जागी धरणारी अर्धचंद्राच्या आकाराची चावी त्यांनी चिमट्याने काढून डबीत ठेवली आणि मॅग्नेट उलटा केला.

मागे काय झाले होते ते पाहून मला वाईट वाटले. तीन स्प्रिंगांपैकी एक दोन ठिकाणी मोडली होती. एका रोलरला एका बाजूने सपाटी आली होती, दुसऱ्यावर ठिपके पडले होते. क्लचची बॉडी मॅग्नेटला धरून ठेवणाऱ्या तीन ॲलन बोल्टांपैकी एक बोटाने हलत होता. स्टार्टर गिअरच्या कॉलरवर आरशासारखी चकाकी असायला हवी तिथे फिकट खरवडल्याचा पट्टा होता आणि नखाला त्याची कड लागत होती.

मोडलेल्या स्प्रिंगचे तीन तुकडे व्हायला हवेत. आमच्या हाती दोनच आले. तिसऱ्यासाठी सगळे काम थांबले. “त्यो तुकडा सापडल्याबिगर मी बंद करनार न्हाई,” असे मेस्त्री म्हणाले. ऑइल गाळून पाहिले, गाळणी काढून पाहिली, कव्हरचा तळ पेट्रोलने धुतला. तासाभराने तो मॅग्नेटच्याच आतल्या बाजूला, चुंबकाच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत, काळ्या ऑइलखाली चिकटलेला सापडला. तो तिथून सुटून कॉइलवर घासला असता तर दुसराच खर्च उभा राहिला असता. तिन्ही तुकडे जोडून लांबी जुळते का ते आम्ही चांगल्या स्प्रिंगशी ताडून पाहिले, तेव्हाच मेस्त्रींनी हात धुतले.

सोमवारी २४ जूनला शाळा सुटल्यावर मी रोलर आणि गिअर पिशवीत घालून बेळगावला उद्यमबागेत गेलो. फाउंड्री आणि मशीनकामाच्या या वसाहतीत माझा एक जुना विद्यार्थी लेथवर काम करतो. त्याने मायक्रोमीटरने मापे घेतली. सपाटी आलेला रोलर चांगल्यापेक्षा ०.१२ मिलिमीटरने कमी भरला आणि कॉलरवरचा पट्टा शेजारच्या न झिजलेल्या भागापेक्षा ०.०५ ने खाली होता. आकडे केसापेक्षा लहान वाटतात, पण त्याने सांगितले, “गुरुजी, इथं पकड घर्षणाची आहे. कडक केलेला वरचा थर गेला की खाली मऊ लोखंड राहतं, त्यावर नवा रोलर बसवला तरी तो पुन्हा चर पाडतो.” त्याआधी दोघा-तिघांनी मला स्प्रिंग ताणून घालायला, कॉलरवर पॉलिश पेपर मारायला आणि किंचित जाड रोलर बसवायला सुचवले होते. त्यांचा हेतू चांगला होता, पण हे उपाय काही आठवडे चालतात आणि मधल्या काळात बॉडीच्या खाचा खराब करतात. मी क्लच आणि गिअर दोन्ही नवे घ्यायचे ठरवले. विद्यार्थ्याने मापांचे पैसे घेतले नाहीत.

सुट्या भागांच्या दुकानात मात्र थांबावे लागले. मेस्त्री ज्याला ‘वन-वे’ म्हणतात त्याला भागांच्या यादीत ‘स्टार्टर क्लच असेंब्ली’ असे नाव आहे, आणि माझ्या गाडीच्या मॉडेलमध्ये मध्येच बदल झाल्याने दोन प्रकारचे क्लच येतात. दिसायला सारखे, बोल्टांच्या भोकांचे अंतर वेगळे. दुकानदाराने आरसीची झेरॉक्स मागितली, चॅसिस क्रमांकावरून भाग शोधला, आणि तो बेळगावात शिल्लक नसल्याचे सांगितले. कोल्हापूरहून मागवावा लागेल, चार दिवस लागतील, ५०० रुपये आगाऊ. मी पावतीवर भागाचा क्रमांक लिहून घेतला. चारचे नऊ दिवस झाले. मध्ये एकदा आलेला भाग दुसऱ्या प्रकारचा निघाला आणि परत गेला. क्रमांक पावतीवर होता म्हणून वाद झाला नाही. ३ जुलैला बरोबर भाग हाती आला : क्लच रोलर-स्प्रिंगांसह १,१४० रुपये, गिअर ८६५, कव्हरचे पॅकिंग ९५. बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी १४ टक्के धरलेला होता.

दुसऱ्या दिवशी बॅटरी घेतली. १२ व्होल्ट, ९ अँपिअर-तास. किंमत १,८५० आणि जुनी परत दिल्याचे २०० वजा. हमीच्या कार्डावर विक्रीची तारीख, दुकानाचा शिक्का आणि गाडीचा क्रमांक तिथेच समोर लिहून घ्यावा, कोऱ्या कार्डाला पुढे कोणी विचारत नाही. मेस्त्री त्या दोन दिवसांत रोप लावणीसाठी शेतावर गेले होते. पावसाने उघडीप दिली होती, त्यांना दोष देण्यासारखे काही नव्हते. मी बसने आणि एका सहकाऱ्याच्या मागे बसून शाळा केली.

शनिवार, ६ जुलै. जोडणी उघडण्यापेक्षा कमी वेळात, अडीच तासांत झाली, पण मेस्त्रींनी तीन ठिकाणी फार जपून काम केले. क्लचच्या बॉडीचे ॲलन बोल्ट आणि त्यांच्या आट्या पेट्रोलने धुऊन, कोरड्या करून, बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या थ्रेड लॉकचा एक एक थेंब लावून ते बसवले आणि मॅन्युअलमधला जोर पाहून टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळले. तो पाना उद्यमबागेतून एका दिवसासाठी आणला होता. रोलरांना ऑइल लावले, पण क्रँकशाफ्टचे निमुळते टोक आणि मॅग्नेटचे भोक मात्र पुसून अगदी कोरडे ठेवले, कारण तिथली पकड कोरडीच हवी. आणि गिअरची कॉलर क्लचमध्ये सरळ दाबून न घालता मोकळ्या दिशेने हलकेच फिरवत आत सरकवली, म्हणजे रोलर मागे हटून जागा देतात. नवीन स्प्रिंग याच पायरीवर मोडतात. कव्हर बंद करण्याआधी त्यांनी मला पुन्हा गिअर फिरवायला सांगितला. एका दिशेने तो लोण्यासारखा फिरला, दुसऱ्या दिशेने जागीच अडला आणि मॅग्नेट त्याच्याबरोबर हलला. त्या अडण्याने मला केवढा धीर आला ते शब्दांत सांगता येणार नाही.

नवे ऑइल १.२ लिटर, ५१० रुपये. बटण दाबले आणि इंजिन पहिल्या फेरीतच सुरू झाले. मीटर लावून पुन्हा दहा वेळा तपासले; दहाही वेळा पकड बसली आणि व्होल्टेज १०.८ च्या खाली गेले नाही. मेस्त्रींनी दोन्ही दिवसांची मिळून ९०० रुपये मजुरी घेतली. तपासणीच्या २३६ रुपयांसह सगळा खर्च ५,३९६ रुपये झाला. मल्टिमीटर आणि बसभाडे वेगळे.

तेव्हापासून काही सवयी मी बदलल्या आहेत. एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांत हेडलाइट आपोआप लागतो, पण माझ्या गाडीला अजून त्याचा स्विच आहे. तो बंद ठेवूनच मी सेल्फ मारतो. बटण पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबत नाही, सुरू न झाल्यास पंधरा सेकंद थांबतो, आणि इंजिनाने पेट घेताच बटण सोडतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी बॅटरीचे व्होल्टेज वहीत लिहितो. मोटर रेंगाळत फिरते आहे असे वाटले तर बटणाचा आग्रह न धरता आधी बॅटरी चार्ज करायची, असे ठरवून टाकले आहे.

१७ ऑगस्टला, ५९० किलोमीटर झाल्यावर, गाडी पुन्हा मेस्त्रींकडे नेली. थोडे ऑइल काढून पांढऱ्या कपड्यावर पाहिले. धातूची चमक नव्हती. कॉइलची तार कव्हरमधून बाहेर येते तिथल्या रबराखाली मात्र ऑइलचा ओलसर डाग आहे. मेस्त्रींच्या मते रबर जुने झाले आहे आणि पुढच्या ऑइल बदलाला कव्हर उघडेल तेव्हा ते बदलता येईल. तोवर दर शनिवारी शाळेतून आलो की गाडी मुख्य स्टँडवर घेऊन ऑइलची पातळी पाहतो. अजून ती खाली गेलेली नाही.